जोराची वाट : घरी बांधलेल्या गाडीचं मागचं सस्पेन्शन

गाडी मागे घेताना हमखास, आणि ब्रेक दाबला की कधीमधी, मागून ‘टक्’ असा आवाज यायचा. पुढे जाताना काही नाही. भोसरीत भाड्याने घेतलेल्या शेडमध्ये आम्ही तिघा मित्रांनी दोन पावसाळे खपून ती दोन सीटची उघडी गाडी उभी केली होती आणि त्या ‘टक्’मागे आमचे तीन रविवार गेले. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदलला, व्हील नट पुन्हा आवळले, डिफरेन्शियलचं तेल काढून त्यात चुंबक फिरवला. चौथ्या रविवारी शेजारच्या शेडमधले फॅब्रिकेशनचे मेस्त्री गाडीखाली शिरले, टॉर्च तिरपी धरली आणि एक्सलला धरणाऱ्या खालच्या दांडीच्या, म्हणजे लिंकच्या, ब्रॅकेटवर, वेल्डच्या अगदी कडेला, काळ्या रंगातली केसाएवढी तांबूस रेघ दाखवली. नख फिरवलं तर अडकत होतं. पट्टी तिथे निम्मी फाटली होती.

आम्ही अर्थातच ती 3 मिमीची पट्टी कापून 5 मिमीची लावली. दोन महिन्यांनी ब्रॅकेट शाबूत होतं. पण ते ज्या चौकोनी पाइपावर जोडलं होतं त्याची भिंत टपालाच्या तिकिटाएवढी फाटून ब्रॅकेटबरोबर बाहेर आली होती. मेस्त्री म्हणाले, “साहेब, तुम्ही रोग शेजारच्याला दिला.”

घरी गाडी बांधणाऱ्या कुणालाही सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. धातू जाड करण्याआधी टायरखालचा जोर कुठल्या वाटेने चासीपर्यंत जातो ते कागदावर रेघ ओढून बघा. ती वाट सरळ असेल तर 3 मिमीची पट्टी वर्षानुवर्षं टिकते. वाकडी असेल तर 8 मिमीचीही तुटते, किंवा शेजारचं काहीतरी तोडते.

अशा गाड्यांचं मूळ घर इंग्लंड. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी 1957 साली लोटस सेव्हन आणली ती बरीचशी सुट्या भागांत विकली जाई, कारण तयार गाडीवर लागणारा खरेदी-कर सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. 1973 साली तिथे व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे 1996 साली रॉन चॅम्पियन यांचं, अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे सांगणारं पुस्तक निघालं आणि ‘लोकॉस्ट’ नावाच्या शेकडो गाड्या लोकांच्या गॅरेजांत जन्माला आल्या. 25 मिमीच्या चौकोनी पाइपाचा सांगाडा, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा मागचा एक्सल, त्याला पुढून धरणाऱ्या चार लिंक आणि आडवा एक पॅनहार्ड रॉड, अशी त्या गाडीची मागची बाजू. पहिल्यांदाच बांधणाऱ्याने याच मांडणीपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. मागच्या दोन चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देण्याचा मोह आवरा. त्यात जोड जवळजवळ दुप्पट होतात, आणि प्रत्येक जोडाची जागा दोन-तीन मिमीने चुकली की चाकाची दिशा खड्ड्यागणिक बदलते. अखंड एक्सलमध्ये दोन्ही चाकं निदान एकमेकांना समांतर राहतात.

आपल्याकडे एस्कॉर्ट मिळत नाही. मागच्या चाकांना ताकद देणारा हलका एक्सल हवा तर ओम्नीचा सापडतो. जिप्सीचा जड पडतो. ॲम्बॅसॅडर आणि पद्मिनीचेही भंगारात मिळतात. हे सगळे मुळात पाट्यांवर बसवलेले. पाटे हे एकाच वेळी स्प्रिंगही असतात आणि एक्सलला पुढे-मागे, आडवं धरून ठेवणारे हातही. ते काढून कॉइल स्प्रिंग लावली की धरून ठेवण्याचं काम बेवारस होतं. ते कुणी करायचं, हा सगळा प्रश्न.

आता आकडे. गाडी दोन माणसांसह 600 किलो धरू, त्यातले 330 मागच्या चाकांवर. वेग घेताना वजन थोडं मागे सरकतं, त्यामुळे चांगल्या डांबरावर मागचे दोन टायर मिळून साधारण 350 किलोचा जोर जमिनीवर लावू शकतात. इंजिन कितीही मोठं बसवा, टायरच्या पकडीपलीकडे जोर जात नाही, म्हणून हिशोब टायरपासून सुरू करायचा. चाकाची त्रिज्या 280 मिमी. खालच्या लिंक एक्सलच्या मध्यापासून 100 मिमी खाली, वरच्या 100 मिमी वर. टायरचा जोर जमिनीलगत लागतो, म्हणजे वरच्या लिंकपासून 380 मिमी खाली. वरच्या लिंकचा टेकू धरून तरफेचा हिशोब केला तर खालच्या दोन लिंकांवर मिळून 350 गुणिले 380 भागिले 200, म्हणजे 665 किलो दाब येतो, आणि वरच्या दोघींवर 315 किलो ताण. जमिनीवर 350 आणि लिंकमध्ये 665! पहिल्यांदा हा आकडा निघाला तेव्हा आमच्यातल्या एकाने कॅल्क्युलेटर बंद करून पुन्हा सुरू केला होता.

दोन लिंकांतलं उभं अंतर 200 ऐवजी 150 ठेवलं, जागा नाही म्हणून बरेच जण ठेवतात, तर खालचा आकडा 830 च्या आसपास जातो. म्हणून पहिला फुकटचा मजबुतीचा उपाय हाच: वरची आणि खालची लिंक एकमेकींपासून जमेल तेवढी लांब ठेवा. त्यासाठी एक नवा पैसा लागत नाही, लागलीच तर सीटची पाठ दोन बोटं पुढे घ्यावी लागते.

आमच्या ‘टक्’चंही उत्तर यातच होतं. पुढे जाताना खालची लिंक दाबली जाते, चीर मिटून राहते. मागे घेताना आणि ब्रेक मारताना ती ओढली जाते, चीर उघडते. आवाज कुठल्या क्षणी येतो हे नीट ऐकलं असतं तर तीन रविवार वाचले असते.

प्रत्येक खालच्या लिंकवर सुमारे 330 किलो. खड्डा, क्लचचा हिसका, एक चाक घसरून एकदम पकडणं, हे धरून निदान तिप्पट, म्हणजे एक टन धरून चाला. आता ब्रॅकेट बघू. आमची चूक अशी होती की लिंकचा बुश पट्टीच्या एकाच बाजूला होता. बोल्ट पट्टीतून आरपार, आणि बुश त्या बोल्टवर टांगलेला, शर्टाच्या हँगरसारखा. बुशचा मध्य पट्टीपासून 25 मिमी बाजूला. 50 मिमी रुंद, 3 मिमी जाड साध्या माइल्ड स्टीलच्या पट्टीला अशा बाजूच्या ओढीने कायमचं वाकवायला फक्त 75 किलो पुरतात. आम्ही तिच्याकडून 330 मागत होतो. ती इतके महिने टिकली हेच नवल. 5 मिमीची लावली तेव्हा तो आकडा 210 वर गेला, म्हणजे तरीही अपुराच. शिवाय पट्टी न वाकल्याने तो सगळा पीळ 1.6 मिमीच्या पाइपाच्या भिंतीत शिरला.

तोच बुश दोन पट्ट्यांच्या मधे घाला, बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला ठेवा. आता ओढ पट्टीला वाकवत नाही, सरळ ताणते. 3 मिमीच्या त्याच दोन पट्ट्या कागदावर पाच टनांच्या पुढे जातात. पाऊणशे किलोवरून पाच टन, आणि खर्च एका पट्टीचा. या विषयात याहून स्वस्त मजबुती मला माहीत नाही. बोल्टची काळजी लोक उगाच करतात. 8.8 ग्रेडचा 12 मिमीचा एक बोल्ट कातरला जायला चार टनांच्या आसपास लागतात. फक्त तो हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट नसावा, डोक्यावर 8.8 कोरलेलं असावं, आणि आटे ब्रॅकेटच्या भोकात येऊ नयेत. भोकात बोल्टचा गुळगुळीत भाग बसला पाहिजे, म्हणून लांब बोल्ट घेऊन आट्यांकडचा जादा भाग कापा. नट नायलॉक, आणि एकदा काढला की नवा.

पट्ट्या झाल्या, आता त्या कुठे जोडायच्या. चौकोनी पाइपाचा सांगाडा जोर उत्तम पेलतो तो पाइपाच्या लांबीच्या दिशेने, दाबात आणि ताणात. मध्यावर आडवा ढकलला तर तो काठीसारखा वाकतो. 25 मिमीच्या, 1.6 मिमी जाडीच्या पाइपाला वाकून कायमचा बाक यायला साधारण 250 न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे दोन्ही टोकांना टेकलेल्या अर्धा मीटर पाइपाच्या मध्यावर सुमारे 200 किलो. म्हणून ब्रॅकेट नेहमी तिथे, जिथे दोन-तीन पाइप एकत्र येतात. तशी जागा नसेल तर ब्रॅकेटची जागा बदलू नका, तिथे येणारा एक तिरपा पाइप घाला. माझ्या माहितीतल्या बहुतेक घरगुती गाड्यांत मागे उणीव असते ती या एका तिरप्या पाइपाची. चासी आधी वेल्ड होते, सस्पेन्शनचा विचार नंतर होतो, आणि मग ब्रॅकेटं मिळेल तिथे चिकटतात. खरं तर आधी लिंकच्या टोकांचे बिंदू हवेत ठरवायचे आणि चासी त्यांच्यापर्यंत आणायची.

ब्रॅकेट आणि पाइप यांच्यामध्ये 3 मिमीची एक पाटी घाला, पाइपाच्या दोन बाजूंना वळून बसणारी. तिची टोकं चौकोनी कापू नका, माशाच्या शेपटीसारखी आत खोबणी देऊन कापा. कारण वेल्ड पाइपाच्या आडव्या दिशेत एका रेषेत संपला तर पाइप नेमका त्या रेषेवर चिरतो, कागद घडीवर फाटतो तसा. शेपटीच्या आकारात वेल्ड तिरपा पसरतो. पाइपातून आरपार बोल्ट न्यायचाच असेल तर आत नळीचा तुकडा घालून दोन्ही बाजूंनी वेल्ड करा. नाहीतर बोल्ट आवळताना पाइप चेपतो आणि मग कितीही आवळा, तो ढिलाच.

जोराची वाट दुसऱ्याच्या घरातून नेली तर काय होतं याचं नामवंत उदाहरण खुद्द लोटसचं आहे. सेव्हनच्या 1960 च्या दुसऱ्या आवृत्तीत एक्सल आडवा धरण्यासाठी इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची एक चौकट होती, आणि तिचं टोक डिफरेन्शियलच्या कवचाला खालून जोडलेलं. एक लिंक वाचली, वजन वाचलं. पण तो एक्सल स्टँडर्ड कंपनीच्या साध्या घरगुती गाडीचा, पाट्यांवर बसण्यासाठी घडवलेला. त्याच्या कवचाच्या पोटात असा ओढा यावा हे मूळ घडवणाऱ्याच्या मनातही नव्हतं. कवच लवायचं, तेल गळायचं, आणि मालकांना बाहेरून पट्ट्या वेल्ड करून ते बळकट करावं लागायचं. चॅपमनसारख्या माणसाच्या हातून हे झालं. आपण तर ओम्नीचा एक्सल घेऊन बसलोय. ब्रॅकेटं एक्सलच्या नळीवर, मूळ पाट्यांच्या बैठकीजवळ जोडा. मधल्या गोळ्यापासून दूर राहा. वेल्ड करताना सगळी बाजू एकदम ओढू नका. 20-25 मिमी वेल्ड, मग दुसऱ्या टोकाला, मग थांबा. नळी एका बाजूने तापली की केळ्यासारखी वाकते आणि हाफ शाफ्टचे बेअरिंग खाते. आतले शाफ्ट आणि ऑइल सील आधी बाहेर काढा, हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण आम्ही एक सील भाजलं आहे.

पॅनहार्ड रॉडबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त तुटताना मी तोच पाहिला आहे. हा आडवा रॉड एका टोकाला एक्सलला आणि दुसऱ्या टोकाला चासीला जोडलेला असतो. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते तेव्हा एक्सलला चासीखाली ठेवणारा हा एकटाच. जोरात घेतलेल्या वळणावर त्याच्यात सहज 300 किलो येतात, फुटपाथच्या कडेला चाक आपटलं तर त्याच्या कितीतरी पट. रॉड स्वतः कधी तुटत नाही. तुटतं ते त्याचं चासीकडचं ब्रॅकेट, कारण एक्सल खाली आणि चासी वर, म्हणून ते ब्रॅकेट दाताच्या सुळ्यासारखं खाली लोंबतं. 120 मिमी लोंबलं आणि 300 किलो आडवे आले की वरच्या पाइपावर 350 न्यूटन-मीटरचा पीळ. पाइप किती पेलतो ते वर आलंच आहे. इथे पट्टी जाड करून काही होत नाही. त्या सुळ्याच्या खालच्या टोकापासून चासीच्या विरुद्ध बाजूच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपा पाइप न्या. त्रिकोण झाला की सुळा वाकायचं थांबतो आणि सगळा जोर पाइपांच्या लांबीतून निघून जातो. आमच्या गाडीत हा पाइप पेट्रोलच्या टाकीच्या आड येत होता. शेवटी टाकीच अरुंद करून आणली.

रॉड लांब हवा आणि गाडी तिच्या उंचीवर उभी असताना आडवा, म्हणजे जमिनीला समांतर. तो कंपासासारखा फिरतो, म्हणून चाक वर-खाली होताना एक्सल किंचित बाजूला सरकतो. 900 मिमीचा रॉड समपातळीत असेल तर 60 मिमी उडीला एक्सल फक्त 2 मिमी सरकतो. तोच रॉड आधीच 50 मिमी तिरपा बसवला असेल तर त्याच उडीला सरकणं जवळपास सव्वापाच मिमी होतं, आणि खड्ड्यात गाडीचं ढुंगण हललेलं पाठीला कळतं.

बुशच्या बाबतीत उत्साही मंडळींशी माझं नेहमी भांडण होतं. रेसच्या गाडीत असतात म्हणून सगळीकडे रॉड एंड लावायचे, त्या चकाकणाऱ्या गोळीच्या जोडांची हौस असते. गाडी एका बाजूला कलली की चारही लिंकांना थोडा पीळ सोसावा लागतो. वरच्या-खालच्या लिंक समान लांबीच्या आणि समांतर असतील तर हा पीळ थोडाच असतो. लांबी वेगळी किंवा तिरपेपणा वेगळा असेल तर डावी बाजू एक्सलला एका कोनात फिरवू बघते, उजवी दुसऱ्या, आणि एक्सलची नळी मधल्या मधे पिळली जाते. रबरी बुश हे पोटात घेतो. रॉड एंड किंवा कडक पॉलियुरेथेन घेत नाही, मग ते ब्रॅकेटच्या वेल्डला घ्यावं लागतं. रस्त्यासारख्या वापराला रबरी बुशच उत्तम, आणि तोही पुण्याच्या नाना पेठेत सहज मिळणारा, कुठल्या तरी खपाच्या गाडीचा घ्या, म्हणजे पुढच्या वेळी शोधत फिरायला नको. रॉड एंड वापरलाच तर पॅनहार्डच्या एका टोकाला, लांबी कमीजास्त करता यावी म्हणून. त्याच्या आट्यांवर वाकण्याचा भार कधीही येऊ देऊ नका. मोडतो तो तिथेच, आणि आधी कळवत नाही.

रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळायचे नाहीत. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली उतरताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो आणि सहा महिन्यांत चिरतो. आधी हाताने घट्ट, मग गाडी चाकांवर, आत दोन माणसं किंवा सिमेंटच्या दोन गोण्या, आणि मग टॉर्क पाना. 12 मिमीच्या 8.8 बोल्टला साधारण 80 न्यूटन-मीटर.

स्प्रिंगकडे उशिरा आलो, कारण तिथे लोक आधीच खूप वेळ घालवतात. एक्सलचं वजन वगळून मागच्या एका कोपऱ्यावर आमच्या गाडीत 125 किलो येत होते. स्प्रिंगवरची गाडी सेकंदाला दीड-पावणेदोन वेळा झुलावी, हलक्या उघड्या गाडीला ते सोसतं. 1.6 वेळा धरलं तर चाकाशी लागणारा कडकपणा मिमीला 12.6 न्यूटन येतो, म्हणजे गाडीच्या वजनाने चाक सुमारे 97 मिमी दबतं. शॉकअप उभ्यापासून 25 अंश तिरपा असेल तर स्प्रिंग स्वतः मिमीला 15.4 न्यूटनची हवी, कारण तिरपेपणाचा तोटा दोनदा लागतो: एकदा अंतरात, एकदा जोरात. 45 अंश तिरपा लावला, दिसायला झोकदार दिसतो, तर चाकाला स्प्रिंगचा निम्माच कडकपणा पोचतो.

बाइकचे शॉकअप स्वस्त मिळतात म्हणून लावण्याआधी त्यांची स्प्रिंग मोजा. मोनोशॉकची स्प्रिंग बाइकच्या मागच्या आर्मची तरफ धरून बनवलेली असते, आपल्या एक्सलवर थेट लावली तर गाडी बैलगाडी होते. मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. घरातला वजनकाटा, त्यावर लाकडी फळी, त्यावर स्प्रिंग, आणि वरून ड्रिल मशिनच्या स्टँडचा दांडा. 50 मिमी दाबल्यावर काटा 75 किलोच्या आसपास दाखवत असेल तर ती आपल्या कामाची. स्प्रिंगसमोर चेहरा आणू नका, ती सटकते. नवी वळवून घेणार असाल तर लक्षात ठेवा की तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो: 8 मिमीच्या जागी 9 मिमीची तार आली तर स्प्रिंग एक अष्टमांशाने नव्हे, 60 टक्क्यांनी कडक होते. उंची कमी करायला स्प्रिंग गॅसने तापवणाऱ्याला शेडमध्ये घेऊ नका.

शॉकअपचं खालचं टोक एक्सलवरच्या ब्रॅकेटला, चाकाच्या जमेल तेवढं जवळ. लिंकच्या मध्यावर कधीच नाही, लिंक ढकलण्या-ओढण्यासाठी आहे, वाकण्यासाठी नाही. वरचं टोक मागच्या रोल बारच्या पायाशी, जिथे पाइप एकत्र येतात. तिथे खड्ड्यात स्थिर वजनाच्या तिप्पट, म्हणजे एका बाजूला पावणेचारशे किलो येतात असं धरून तिरपा पाइप द्या. आणि रबरी बंप स्टॉप विसरू नका. तो नसेल तर शॉकअपची दांडी तळाला आपटते आणि मग तिप्पटीचा हिशोब राहत नाही.

सगळं आधी टॅकवर, म्हणजे वेल्डच्या ठिपक्यांवर, उभं करा, पूर्ण वेल्ड कुठेच नको. स्प्रिंग काढून शॉकअपच्या जागी भोकं पाडलेली पट्टी लावा आणि जॅकने एक्सल 10-10 मिमीने वर-खाली न्या. मग एकच बाजू वर, दुसरी खाली. टायर कुठे घासतो, प्रोपेलर शाफ्टचा सरकता जोड आतून आपटतो का, ब्रेकची नळी ताणते का, हे सगळं इथे दिसतं. आमची हॅंडब्रेकची केबल इथेच रॉडवर घासताना सापडली. डावं-उजवं चाक चासीच्या मध्यरेषेपासून आणि पुढच्या चाकांपासून समान अंतरावर आहे का, हे ओळंबा आणि दोऱ्याने बघा. महागडं यंत्र नसलं तरी चालेल, गवंड्याचा ओळंबा इथे खोटं बोलत नाही. मग वेल्ड करणारा माणूस. गेट आणि ग्रिल बनवणारा नको. ब्रॅकेटचे दोन नमुने त्याच्याकडून करून घ्या, एक व्हाइसमध्ये धरून घणाने वाकवा. वेल्ड सुटला तर माणूस बदला, पट्टी वाकली आणि वेल्ड धरून राहिला तर त्याला चहा पाजा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत, आणि नव्या घडणीची गाडी रस्त्यावर आणायला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते. ब्रिटनमध्ये एकेका गाडीला तपासून रस्त्याची परवानगी देण्याची सोय आहे, तिथल्या मराठी वाचकांनी ती परीक्षा डोळ्यासमोर ठेवूनच बांधावं. आपल्याकडे घरची गाडी खाजगी जागेत किंवा ट्रॅकवर. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना मात्र मोठं मैदान मोकळं आहे: 2007 पासून पीथमपूरला विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांची बाहा स्पर्धा होते आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे संघ तिथे सस्पेन्शन मोडून, पुन्हा जोडून बरंच काही शिकतात.

शेवटची एक सवय. मागची सगळी ब्रॅकेटं पांढऱ्या रंगाने रंगवा, काळ्या नाही. पांढऱ्यावर गंजाची रेघ हाताच्या अंतरावरून दिसते. शंका आली तर लाल रंगाचा डाय पेनेट्रंट स्प्रे मिळतो: फवारा, पुसा, वर पांढरा डेव्हलपर मारा, चीर असेल तर लाल रेघ आपोआप उमटते. पहिल्या 50 किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्टला पुन्हा पाना लावा, रंगाचा ठिपका देऊन ठेवा. आणि मागून ‘टक्’ आलं तर पुढच्या रविवारची वाट बघू नका, त्याच दिवशी गाडीखाली जा.